बाळंतिणीने वार खावी का?
बाळ जन्मल्यावर साधारण अर्ध्या तासात वार पडते. वजन सुमारे अर्धा किलो. मुळशीतील मालेसारख्या गावांत गाय व्याली की तिने जार खाऊ नये म्हणून शेतकरी राखण करतो. माणसाची वार मात्र ग्रामीण महाराष्ट्रात कुत्र्यांनी उकरू नये इतक्या खोल पुरत. आता दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीत जाते. ती वाळवून कॅप्सूलमधून घेण्याचे खूळ अमेरिकेत वाढले. त्याने दूध वाढते, नैराश्य टळते, हे सिद्ध झालेले नाही. धोका खरा आहे: 2016 मध्ये ओरेगॉनमध्ये एका नवजात बाळाला पुन्हा रक्तातला जंतुसंसर्ग झाला आणि तेच जंतू आईच्या कॅप्सूलमध्ये सापडले. बाळंतिणीला लोह हवेच. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात 180 दिवसांच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या घ्याव्यात, वार खाऊ नये.