गच्चीवरचा हीटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिसेंबर लागला की कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडीच्या रूफटॉप हॉटेलांत उंच छत्रीसारखे गॅस हीटर दिसू लागतात. गेल्या काही वर्षांत ते घरांच्या गच्च्यांवर आणि बंगल्यांच्या अंगणातही आले आहेत. त्याच वेळी सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन पुठ्ठे आणि फांद्या जमवून शेकोटी करतो, तर एखाद्या घरी आजींसाठी कोळशाची शेगडी पेटते. साधने वेगळी असली तरी त्यांच्याभोवतीचे गैरसमज बरेचसे सारखे आहेत, आणि त्यांतले काही जिवावर बेतणारे आहेत. म्हणून हीटर विकत घेण्याआधी, आणि असलेला पेटवण्याआधी, वस्तुस्थिती नीट समजून घ्यायला हवी.

गैरसमज १: पुण्यात बाहेर हीटर लागावा अशी थंडी पडतच नाही.

पडते. पुण्याच्या नोंदीतले सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सियस आहे, १७ जानेवारी १९३५ चे. एरवी डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. पाषाण, एनडीए, हवेलीच्या मोकळ्या भागांत तो शिवाजीनगरपेक्षा खाली जातो, तर दाट वस्तीच्या मगरपट्टा, वडगाव शेरीत तितका उतरत नाही. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते, त्यामुळे दुपारी स्वेटर नको वाटतो आणि पहाटे हुडहुडी भरते.

पण ही कडाक्याची थंडी काही आठवड्यांची, तीही रात्री उशिरा आणि पहाटेची. वर्षातून चार-दोन वेळा गच्चीवर जेवण करणाऱ्या घराला मोठा गॅस हीटर घेण्याची गरज नसते. शाल, कानटोपी आणि वाऱ्याला आडोसा एवढ्याने काम भागते. रात्रभर उघड्यावर बसणाऱ्याची गरज मात्र खरी आहे.

गैरसमज २: हीटर जितका मोठा, तितकी गच्ची गरम.

उघड्यावरची हवा कोणताही हीटर गरम करू शकत नाही. तापलेली हवा वर जाते आणि वारा तिला घेऊन जातो. बाहेरचे हीटर मुख्यतः अवरक्त किरणांनी ऊब देतात. हे किरण समोरच्या माणसाच्या अंगावर, कपड्यांवर, खुर्चीवर पडतात आणि तिथे उष्णता होते. किरणांच्या वाटेबाहेर सरकलात की ऊब संपली.

छत्रीचा गॅस हीटर पूर्ण क्षमतेवर साधारण १२-१३ किलोवॅट उष्णता देतो आणि तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर वीसेक तासांत रिकामा. या उष्णतेचा मोठा हिस्सा थेट आकाशात जातो. याउलट भिंतीवर वा खांबावर लावलेला दीड-दोन किलोवॅटचा विजेचा हीटर नेमका बसायच्या जागेकडे वळवता येतो आणि तासाला दीड-दोन युनिट वीज घेतो. चार-सहा माणसांच्या बैठकीला दोन लहान हीटर दोन बाजूंनी लावणे एका अवाढव्य हीटरपेक्षा जास्त उपयोगाचे ठरते. वाऱ्याची बाजू एखाद्या भिंतीने किंवा झाडांच्या कुंड्यांनी अडवली, तर ऊब आणखी टिकते.

गैरसमज ३: बाहेरचाच हीटर आहे, थोडा वेळ आत आणला तर काय बिघडते?

या समजाने माणसे मेली आहेत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत मृत्युमुखी पडले. त्यांत चार लहान मुले होती. खोलीत ऊब मिळावी म्हणून गॅस हीटर लावलेला होता.

हे कसे घडते ते आकड्यांत पाहू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. दहा बाय दहा फुटांच्या आणि तितक्याच उंच खोलीत एकूण हवा भरते साधारण २८ घनमीटर. मोठा हीटर तासाभरात त्यातली जवळपास निम्मी हवा वापरतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तेवढीही सूचना मिळत नाही.

आता आपल्याकडच्या ‘बाहेर’ या जागा पाहा. सरकत्या काचांनी बंद केलेली बाल्कनी, पत्र्याची शेड टाकून तिन्ही बाजूंनी झाकलेली गच्ची, पावसाळ्यात लावलेले प्लॅस्टिकचे पडदे हिवाळ्यातही तसेच सोडलेले हॉटेल. या जागा उघड्या राहिलेल्या नाहीत. गॅसचा हीटर फक्त जिथे वर आकाश आहे, किंवा छप्पर असले तरी बहुतेक बाजू खरोखर मोकळ्या आहेत, तिथेच लावावा. बंदिस्त जागेत ऊब हवी असेल तर विजेचे साधन वापरावे.

गैरसमज ४: शेगडीत धूर राहिला नाही, आता घरात न्यायला हरकत नाही.

धगधगणारे निखारे धूर देत नाहीत, पण कार्बन मोनॉक्साइड देतच राहतात. किंबहुना धूर नसल्यामुळे फसगत होते: डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, आणि खिडक्या लावून सगळे झोपी जातात. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. आपल्याकडे बांधकामाच्या जागी पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर आणि छोट्याशा केबिनमध्ये रात्र काढणारे वॉचमन हाच धोका पत्करतात. निखारे झोपायच्या खोलीत कधीही नेऊ नयेत, अगदी विझत आलेले दिसत असले तरी. बाळ-बाळंतिणीला शेक देताना दार-खिडकी उघडी ठेवावी आणि शेक झाला की शेगडी लगेच बाहेर काढावी.

गैरसमज ५: गॅस गळला तरी उघड्यावर उडून जाईल.

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. दोन्ही हवेपेक्षा जड आहेत; प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन सुमारे दुप्पट. त्यामुळे गळलेला गॅस वर न जाता खाली बसतो. गच्चीच्या कठड्याच्या आत, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, जिन्यातून खालच्या मजल्यावर, तळघरातल्या पार्किंगमध्ये तो साचतो आणि एका ठिणगीने पेटतो. ओळख पटावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात, पण सर्दीने चोंदलेल्या नाकाला तो वास येईलच असे नाही.

म्हणून सिलिंडर जोडल्यावर रेग्युलेटरच्या आणि नळीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही तपासू नये. सिलिंडर नेहमी उभाच असावा. आडवा केला तर द्रवरूप गॅस बर्नरपर्यंत जाऊन भडका उडू शकतो. बराच वेळ हीटर चालला की सिलिंडर गार पडून त्यावर दव धरते आणि ज्योत मंदावते. तेव्हा सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा आगीजवळ नेणे हा जीवघेणा उपाय आहे. हीटर बंद करून थांबावे. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर हॉटेलात वापरणे बेकायदा आहे, हेही लक्षात असू द्यावे. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

गैरसमज ६: विजेचा हीटर म्हणजे काळजीच नको.

विजेच्या हीटरमधून विषारी वायू निघत नाही, हा मोठा फायदा आहे. पण त्याचा भार मोठा असतो. घरातला साधा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर जेमतेम १.४ किलोवॅट पेलतो. दोन किलोवॅटच्या हीटरला १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. गच्चीवर प्लग नाही म्हणून खालच्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड ओढतात, त्यावरच दिव्यांच्या माळा आणि स्पीकर लावतात. मग वायर तापते, वितळते आणि आग लागते. पेठांतल्या जुन्या वाड्यांतली वायरिंग तर असा भार सोसण्याजोगी नसतेच.

विकत घेताना आयएसआय खूण पाहावी. बाहेर लावायचा असेल तर पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण देणारे किमान आयपीएक्स४ मानांकन असावे. घरात वापरायचा साधा रॉडचा हीटर दवात ठेवू नये. अर्थिंग नीट आहे का, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी बसवलेले आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. शॉक बसल्यास क्षणात वीज तोडणारे साधन हेच आहे.

गैरसमज ७: वरती मोकळे आहे, आग लागली तरी पसरणार नाही.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईतल्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. अग्निशमन दलाच्या तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. तिथे हीटर नव्हता, पण धडा तोच आहे: वरचे आच्छादन पेट घेणारे असेल तर ठिणगी कुठली हे गौण ठरते.

आपल्या गच्च्यांवर हिरवी जाळी असते, बांबूची तट्टी असते, मांडवाचे कापड आणि वाळत घातलेल्या साड्या असतात. हीटरच्या चहूबाजूंनी किमान तीन फूट आणि वरती कंपनीने सांगितलेले अंतर मोकळे ठेवावे. छत्रीचा हीटर सपाट जागीच उभा करावा. हीटर कलंडला की गॅस आपोआप बंद करणारा स्विच आणि ज्योत विझली की गॅस तोडणारी यंत्रणा, हे दोन्ही नसलेला हीटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पेटता हीटर सरकवू नये. वारा जोराचा असेल तर बंद ठेवावा. मुले आणि पाळीव प्राणी असतील तिथे एक मोठा माणूस कायम जवळ हवा.

मधुमेह असलेल्यांना वेगळी सूचना. पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे शेकताना भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांनी पाय शेकण्याऐवजी लोकरी मोजे घालावेत.

गैरसमज ८: शेकोटी नैसर्गिक, तिने प्रदूषण होत नाही.

थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, अशी उलटी स्थिती तयार होते आणि धूर वर न जाता वस्तीतच कोंडतो. टेकड्यांनी वेढलेल्या पुण्यात हे अधिकच जाणवते. त्यात शेकोटीत लाकडाबरोबर प्लॅस्टिक, रबर आणि रंगवलेले प्लायवूड जाते. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली असून साध्या प्रकरणात ५ हजार रुपयांचा दंड ठरवला आहे. गॅसचा हीटरही निर्मळ नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. फ्रान्सने एप्रिल २०२२ पासून हॉटेलांच्या उघड्या गच्च्यांवर असे हीटर लावायला मनाई केली, ती याच उधळपट्टीमुळे.

मग निवडायचे काय?

पुण्याच्या हवेत बहुतेक घरांना आणि हॉटेलांनाही आडोशाच्या जागी भिंतीवर पक्का बसवलेला विजेचा अवरक्त हीटर पुरतो. गॅसचा हीटर खऱ्याखुऱ्या मोकळ्या अंगणापुरताच ठेवावा. ज्या घरात गॅसवर काही चालते, मग तो गीझर का असेना, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. हीटरजवळ बसलेल्या कुणाचे डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्यावे, हीटर बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. आगीसाठी १०१.

शेवटी एक आग्रहाची विनंती. ज्याला ऊब सर्वांत जास्त लागते तो आपल्या फाटकाशी रात्रभर बसतो. शेकोटी पेटवली म्हणून त्याला रागावण्याआधी सोसायटीने त्याच्या केबिनमध्ये १६ अँपिअरचा प्लग, आयएसआय खुणेचा विजेचा हीटर, एक चांगले जर्किन आणि गरम चहाचा थर्मास एवढी सोय करावी. दिल्लीत प्रदूषण वाढले की निवासी संघटनांना अशा हीटरची सोय करायला सांगितले जाते. पुण्याच्या सोसायट्यांनी आदेशाची वाट न पाहता पुढच्या सभेत हा ठराव मांडावा. खर्च किरकोळ आहे, आणि त्याने एका माणसाचा जीव सुरक्षित राहतो.