चौरस सेंटिमीटरला सहा लाख

10 मे 1999 रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात पॉल सेझानचं एक चित्र 6 कोटी 5 लाख डॉलरला गेलं. चित्रात पडदा, सुरई आणि थाळीभर फळं. कॅनव्हास जेमतेम 60 बाय 72 सेंटिमीटर. डॉलर तेव्हा 43 रुपयांच्या आसपास होता. हिशेब मांडला तर चौरस सेंटिमीटरला सहा लाख रुपये पडतात, मग तिथे फळ असो की नुसता पांढरा कपडा. आणि सेझानच्या हयातीत पॅरिसमधला तांगी नावाचा रंगविक्रेता त्याची चित्रं सरसकट दोनच भावांनी विकायचा: लहान 40 फ्रँक, मोठं 100!

पण मला खरा थक्क करतो तो वेळेचा आकडा. फळांची मांडणी करतानाच सेझान त्यांच्याखाली एक-दोन सू किमतीची फ्रेंच नाणी सरकवायचा. फळ किंचित कलतं, शेजारच्या रंगाला भिडतं, तोवर हे चालायचं. एका तरुण चित्रकारानं ते पाहून लिहून ठेवलंय. मग रंगकाम. तेही इतकं सावकाश, की फुलं कोमेजतात म्हणून तो कागदी फुलं समोर ठेवायचा. 1899 मध्ये चित्रविक्रेता व्होलार व्यक्तिचित्रासाठी त्याच्यासमोर 115 वेळा बसला, सकाळी आठ ते साडेअकरा. म्हणजे चारशे तास! एकदा डुलकी लागून तो खाली पडला, तेव्हा सेझान कडाडला, सफरचंद कधी हलतं का? इतकं करूनही ते व्यक्तिचित्र त्याच्या मते अपुरंच राहिलं.

सेझानचं माझं सर्वांत आवडतं चित्र मात्र आकारानं ए-फोर कागदाहूनही लहान आहे. 19 बाय 27 सेंटिमीटर, त्यात सात सफरचंदं. मार्च 1918 मध्ये, पॅरिसवर जर्मन तोफा डागल्या जात असताना, चित्रकार देगाच्या संग्रहाच्या लिलावात अर्थतज्ज्ञ केन्सनं ते 327 पौंडांना घेतलं. इंग्लंडला परतल्यावर सामान जड झालं म्हणून चित्र रस्त्याकडेच्या झुडपात ठेवून तो मित्रांच्या घरी गेला. ते ऐकताच मित्र आणायला धावले.

आज ते केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाकडे आहे आणि तिथे प्रवेशाला तिकीट नाही. कधी जाणं झालंच, तर प्रत्येक सफरचंदाला निदान एक मिनिट द्या.