विश्रांतीनं वाढणारी पाठदुखी

(लेखमाला : तरुण वयातलं जुनं दुखणं – भाग 4)

लोकल विरारहून सुटते आणि पुढच्याच स्टेशनात, नालासोपाऱ्यात, पाय ठेवायला जागा नसते. म्हणून तिथल्या आचोळ्यातले कितीतरी चाकरमानी आधी उलटे विरारला जातात आणि पकडलेल्या सीटवरून 'रिटर्न' येतात. पुढे चर्चगेटपर्यंत सुमारे 56 किलोमीटर. अशा भागात पंचविशीतला मुलगा "कंबर धरलीये" म्हणाला, तर घरात कोण दचकणार? गाडीतली रेटारेटी, बाइक, दिवसभर खुर्चीतलं काम, कारणं हाताशीच असतात. बाम चोळला जातो, पट्टा बांधला जातो, "दोन दिवस पडून राहा" असा सल्ला मिळतो.

बहुतेकांची उसण त्यानं उतरतेही. पण एका पाठदुखीचा स्वभाव नेमका उलटा आहे. ती पडून राहिल्यानं वाढते आणि हिंडल्या-फिरल्यावर कमी होते. पहाटे दुखून जाग येते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी ताठ असते. दुखणं कधी डाव्या कुल्ल्यात, कधी उजव्या. या आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. शरीराची प्रतिकारयंत्रणाच कंबरेचे आणि मणक्यांचे सांधे सुजवते. सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली, तर काहींचे मणके एकमेकांना जोडले जातात. सुरुवात बहुधा विशी-तिशीत होते, पंचेचाळिशीनंतर क्वचितच.

निदानाला मात्र वर्षं जातात. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. एमआरआयमध्ये सूज आधी दिसू शकते. 'एचएलए-बी27' या जनुकाशी आजाराचा संबंध 1973 मध्ये कळला, पण ते जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, म्हणून नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर निकाल लागत नाही. बायकांच्या वाट्याला तर आणखी उशीर येतो. हा पुरुषांचा आजार, अशी समजूत डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होती. शिवाय हाही संधिवातच, आणि संधिवात म्हणजे म्हातारपण, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 पासून भिगवणमध्ये घरोघरी पाहणी केली, तेव्हा चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे 18 टक्क्यांना हाडा-सांध्यांच्या तक्रारी निघाल्या. खेड्यातली कामं त्या अंगावर काढतच चालली होती.

क्रिकेटवेड्यांना माइक अ‍ॅथरटन आठवेल. इंग्लंडच्या या कर्णधाराला हाच आजार होता. 1995 मध्ये जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेच्या डोनाल्ड आणि पोलॉक यांच्या माऱ्यापुढे तो 643 मिनिटं उभा राहिला, 492 चेंडू खेळला आणि नाबाद 185 धावा करून कसोटी वाचवली. एकूण 115 कसोट्या खेळून तेहतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या जिद्दीचे गोडवे पुष्कळ गायले गेले. त्यामागची इंजेक्शनं आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या तेवढ्या सांगितल्या जात नाहीत. नुसत्या जिद्दीनं सूज उतरत नाही.

औषधासोबत रोजचा व्यायाम हा इथे उपचाराचाच भाग आहे. गाडीच्या वेळेआधी तासभर उठणं, गरम पाण्यानं अंघोळ, मग पाठ आणि छाती ताणणारे व्यायाम. सीट मिळाली तरी अधूनमधून उभं राहणं बरं. झोपताना उशी पातळ. सिगारेट बंद, कारण तिनं आजार बळावतो. आणि सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घ्यायची हौस या रुग्णांनी सोडलीच पाहिजे. ताठलेल्या मणक्याला तो झटका महागात पडतो.

गोळ्यांनी भागलं नाही, तर बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. त्यांतल्या अडालिमुमॅबची जगातली पहिली प्रतिआवृत्ती 2014 मध्ये भारतातच, झायडसनं बाजारात आणली. ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी शरीरात क्षयरोग दडलेला नाही ना, हे तपासावंच लागतं.

या मालेच्या गेल्या भागात पाहिलेला सिकलसेल आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत नावानिशी आहे. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस मात्र त्या यादीत नाही. सांध्यांची हालचाल गेली, तर अस्थिव्यंगाखाली मोजमाप होतं आणि बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे जो वेळेवर उपचार घेऊन धडधाकट दिसतो, त्याला पहाटेच्या वेदनेचा कागद मिळत नाही. त्यानं साहेबाला आणि लग्न ठरवताना समोरच्या घराला काय सांगायचं, याचा विचार कायद्यात नाही.

तीन महिन्यांहून जुनी पाठदुखी, पंचेचाळिशीच्या आतलं वय आणि सकाळचा ताठरपणा असं जुळत असेल, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवा. परळच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. आणि अशा रुग्णाचा डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेनासा झाला, तर डोळे आले म्हणून थेंब घालत बसू नका; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.