मेंबर नसताना म्युअरफील्डवर गोल्फ?

परवा रेंजवर एका मुलाने विचारलं, "काका, स्कॉटलंडला चाललोय. म्युअरफील्डवर बाहेरच्यांना खेळू देतात का हो?"

देतात! क्लब खासगी आहे, १७४४ पासूनचा. पण मंगळवार-गुरुवार पाहुण्यांचे. बुकिंग मात्र बरंच आधी करायचं आणि हँडिकॅपचा दाखला जवळ ठेवायचा.

खरी गंमत पुढे आहे. सकाळी चौघं आपापल्या बॉलने खेळतात. मग भरपेट जेवण, तेही जॅकेट-टाय घालून. दुपारी फोरसम्स, म्हणजे दोघांत एकच बॉल आणि आळीपाळीने फटका. जोडीदाराने बॉल बंकरमध्ये घातला की काढायचा तुम्ही! (माझी जोडीदार बायको असते, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.)

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलला मात्र नुसते पैसे भरून भागत नाही, मेंबरचं आमंत्रणच लागतं.

आपल्याकडेही ओळखीचा मेंबर हाच सरळ मार्ग. तुम्ही दुसऱ्या क्लबचे मेंबर असाल, तर दोन्ही क्लबांचा आपसात करार आहे का, ते ऑफिसात विचारा. ग्रीन फी आणि कॅडीचे पैसे सहसा वेगळे.

आणि हो, कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स नको. मी एकदा गेटवरूनच परत आलोय.

कुणाला काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, माहीत असेल ते सांगतो.