पोटभर खाऊनही शुगर लो?

७ डिसेंबर २०१८. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. राष्ट्रगीताला उभे असताना नितीन गडकरींना भोवळ आली. शुगर कमी झाली होती, असं नंतर त्यांनीच ट्विट करून सांगितलं. २०११ मध्ये त्यांची वजन कमी करण्याची सर्जरी झाली होती. शुगर घसरायला कारणं बरीच असतात, त्यामुळे या दोन गोष्टींची गाठ आपण परस्पर मारायला नको. पण अशा सर्जरीनंतर काहींची शुगर घसरते, हे खरं. तेही उपाशी राहून नाही, खाल्ल्यावर!

कसं काय? बायपास सर्जरीत जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. समजा, अशी सर्जरी झालेल्या काकांनी लोणंदला एसटी स्टँडबाहेर ग्लासभर उसाचा रस घेतला. तो झटक्यात आतड्यात पोचतो, रक्तातली साखर सर्रकन चढते आणि शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं. मग एक ते तीन तासांत साखर धाडकन खाली! हा त्रास बहुतेकदा सर्जरीनंतर वर्षभराने किंवा आणखी उशिरा सुरू होतो, म्हणून सर्जरीचा संशयही येत नाही.

हात थरथरतात, घाम फुटतो, जीभ अडखळते. बघणारे म्हणतात, ‘घेतलेली दिसतेय!’ आणि जेवणानंतर दोन तासांनी हीच व्यक्ती बाइकवरून सालपे घाट चढत असेल तर?

अशा वेळी तुम्ही काय कराल? माणूस शुद्धीवर असेल, तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खालीच असेल, तर पुन्हा द्या. बरं वाटलं की शेंगदाणे, पनीर किंवा उकडलेलं अंडं द्या. नुसत्या गोडावर सोडलं तर पुन्हा तोच झोका. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ लावा.

रोजचे नियम सोपे आहेत. थोडं थोडं खायचं, आधी प्रोटीन, गोड पेयं बंद. तरी त्रास राहिला, तर डॉक्टरांकडे औषधं आहेत.

घरात कुणाची अशी सर्जरी झालीय? मग आज एवढंच विचारा, ‘जेवल्यावर दोन तासांनी गरगरतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर डॉक्टरांची अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या.