विश्लेषण : डोमेनची मुदत संपली की त्याचा लिलाव कोण करते? त्यात संशयाला जागा कुठे?

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, वेळेत नूतनीकरण झाले नाही तर ते पुन्हा सर्वांसाठी खुले होते, असा समज आहे. प्रत्यक्षात मागणी असलेले नाव खुले होण्याआधीच लिलावात जाते आणि हा लिलाव बहुधा नोंदणी करणारी कंपनी स्वतः किंवा तिची भागीदार कंपनी करते. नावाचा राखणदार आणि विक्रेता एकच असल्यावर काय घडू शकते, हे काही गाजलेल्या प्रकरणांतून दिसले आहे.

डोमेन विकत मिळते की भाड्याने?

डोमेन ‘विकत घेतले’ असे आपण म्हणतो, पण ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवलेले असते. ‘डॉट कॉम’ नावाची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते. या व्यवहारात तीन घटक असतात. नाव घेणारा ग्राहक, ते नोंदवून देणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार आणि सर्व नावांची मुख्य वही सांभाळणारी रजिस्ट्री. ‘डॉट कॉम’ची वही अमेरिकेतील ‘व्हेरिसाइन’कडे, तर ‘डॉट इन’ची भारतातील ‘निक्सी’कडे आहे. ‘डॉट कॉम’सारख्या नावांचे नियम ‘आयकॅन’ ही संस्था ठरवते.

मुदत संपल्यावर काय होते?

आयकॅनच्या नियमानुसार रजिस्ट्रारने मुदत संपण्यापूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, तसेच मुदत संपल्यानंतर पाच दिवसांत ग्राहकाला सूचना द्यावी लागते. त्यानंतर ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असू शकतो. नाव वहीतून काढल्यावरही ३० दिवस जादा शुल्क भरून ते परत मिळवता येते. शेवटचे पाच दिवस ते गोठवले जाते आणि मग खुले होते.

कागदावर हा क्रम असला, तरी अनेक रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच लिलाव पुकारतात. विजेत्याच्या नावावर डोमेन तसेच चढवले जाते, ते वहीतून कधी निघतच नाही. त्यामुळे ३० दिवसांच्या त्या शेवटच्या संधीचा प्रश्नच उरत नाही. जुन्या मालकाला किती दिवस मिळणार, हे कंपनीच्या अटींवर ठरते आणि त्या अटी फारच थोडे ग्राहक वाचतात.

जुन्या नावाला एवढी किंमत का?

जुन्या डोमेनकडे इतर संकेतस्थळांवरून येणारे दुवे असतात, शोधयंत्रांत त्याची पत असते आणि वाचकांची ये-जा असते. म्हणूनच एखाद्या शाळेच्या किंवा संस्थेच्या जुन्या पत्त्यावर अचानक जुगाराची जाहिरात दिसू लागते. त्याहून मोठा धोका ई-मेलचा आहे. नवा मालक त्या नावावर येणारे सगळे ई-मेल स्वीकारू शकतो. जुन्या पत्त्यावर उघडलेल्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेही त्याच्याच हाती पडतात. विसरभोळेपणा मोठ्यांनाही चुकलेला नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे शुल्क भरायचे राहिले आणि हॉटमेल वापरणाऱ्यांची अडचण झाली. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरले.

‘स्नॅपनेम्स’ प्रकरण काय होते?

‘स्नॅपनेम्स’ ही मुदतबाह्य नावांचा लिलाव करणारी अमेरिकी कंपनी. आपलाच एक वरिष्ठ कर्मचारी ‘हॅल्वारेझ’ या खोट्या नावाने ग्राहकांविरुद्ध बोली लावत होता, अशी कबुली कंपनीने नोव्हेंबर २००९ मध्ये दिली. हा प्रकार २००५ पासून सुरू होता आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार सुमारे ५ टक्के लिलावांत त्याने भाग घेतला होता. त्याच्या बोलीमुळे समोरच्याला जास्त मोजावे लागत होते. कर्मचाऱ्याला काढण्यात आले, फटका बसलेल्यांना फरकाची रक्कम ५.२२ टक्के व्याजासह देऊ करण्यात आली आणि पुढे मालक कंपनी ‘ओव्हरसी डॉट नेट’ने त्याच्यावर दावा लावला.

इथे बोली लावणाऱ्यांना पडद्यावर केवळ टोपणनाव दिसत होते. त्यामागे खरा खरेदीदार आहे की लिलावगृहातलाच कुणी, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

हस्तांतरणात फसवणूक कशी होते?

एक प्रकार खोट्या बिलांचा. ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, पैसे भरा’ असे पत्र येते. ते बिलासारखे दिसते; पण पैसे भरताच नाव दुसऱ्याच कंपनीकडे वळते आणि शुल्कही जास्त पडते. अशा पत्रांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’वर कारवाई केली. २०१४ मध्ये आयकॅनने तिच्याशी संबंधित रजिस्ट्रारचा नवी नावे घेण्याचा अधिकार ९० दिवसांसाठी गोठवला.

दुसरा प्रकार थेट चोरीचा. ‘पर्ल’ या संगणकीय भाषेचे जुने संकेतस्थळ ‘पर्ल डॉट कॉम’ जानेवारी २०२१ मध्ये अचानक परक्या हाती गेले. नोंदणीचा ताबा त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये गेला होता. चोराने काही महिने संकेतस्थळाला हात लावला नाही. डिसेंबरमध्ये नाव चीनमधील आणि जानेवारीत जर्मनीतील रजिस्ट्रारकडे हलवले गेले आणि ते १ लाख ९० हजार डॉलरना विक्रीला निघाले. फेब्रुवारीत ते मूळ मालकाला परत मिळाले. नाव जितक्या देशांतून फिरते, तितकी दाद मागणे अवघड होते.

नियम पुरेसे आहेत का?

नूतनीकरण आणि हस्तांतरण यांचे नियम आयकॅनकडे आहेत. लिलावात कोणी बोली लावावी, याचे नाहीत. ‘डॉट कॉम’साठी १९९९ पासून तंटा सोडवण्याची पद्धत आहे, ‘डॉट इन’साठीही वेगळी आहे, पण दोन्हींचा भर व्यापारचिन्हावर आहे. लहान संस्थेने नुसते नूतनीकरण विसरले, तर तिथे दाद मिळणे कठीण. युरोपच्या गोपनीयता कायद्यानंतर २०१८ पासून मालकांचे तपशीलही झाकले गेले. त्यामुळे सामान्य माणसाची माहिती सुरक्षित झाली, पण खरेदीदार कोण हे शोधणेही अवघड झाले. भारतात रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जाण्यास सांगितले. ही नावे फक्त बँकांनाच आणि ‘आयडीआरबीटी’ या एकाच संस्थेमार्फत मिळतात. बाकीच्यांना असे कुंपण नाही.

काळजी काय घ्यावी?

नाव संस्थेच्या नावावरच नोंदवावे, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर नव्हे. रजिस्ट्रारकडे दिलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा; डोमेन बंद पडले तर सूचनाही पोहोचत नाहीत. हस्तांतरणाचे कुलूप आणि दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी, हस्तांतरणाचा संकेतांक कुणालाही देऊ नये. बिल आले तर दुव्यावर न जाता आपल्या खात्यात शिरून तारीख तपासावी. वापरात नसलेले नावही, त्यावरचे ई-मेल सगळीकडून बदलून होईपर्यंत, सोडू नये. लिलावाच्या दारात नाव गेल्यावर ते सोडवण्यासाठी मोजावी लागणारी किंमत वर्षाच्या शुल्काच्या कित्येक पट असू शकते.