हिंडलग्याची बस आणि जनगणना

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या हिंडलग्यात ग्रामपंचायत असली, तरी 2011च्या जनगणनेत त्याची नोंद ‘जनगणना शहर’ अशी आहे. लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400 आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, हे जनगणना शहराचे निकष. अशा गावातून कामासाठी शहराकडे रोज ये-जा असावी, असा अंदाज नियोजनकाराला यावरून येतो.

त्याच जनगणनेत कामाचं ठिकाण घरापासून किती दूर आणि तिथे कसं जाता, हेही विचारलं गेलं: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, बस की रेल्वे. उत्तरांचा तक्ता स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी असा वेगळा मिळतो. दोन ते पाच किलोमीटरवाले बहुतेक दुचाकीवर असतील, तर बसफेऱ्या वाढवण्यास वाव आहे का, हे तपासता येतं.

मर्यादाही आहेत. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले कामगार आणि विद्यार्थी या तक्त्यात नाहीत. माणूस बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जातो की बाजारात, आणि किती वाजता, हेही त्यात नाही. त्यासाठी थांब्यावरची मोजणी आणि घरोघरची पाहणी लागतेच.